प्लीहेच्या सीमांत क्षेत्रातील लिम्फोमा : प्रतिपिंड-जनुकांचे आकृतिबंध व त्यांचे वैद्यकीय महत्त्व

सारांश :

प्लीहेच्या सीमांत क्षेत्राचा लिम्फोमा हा बी पेशींचा एक दुर्मीळ कर्करोग आहे. या रोगातील सुमारे एक-चतुर्थांश रुग्णांच्या अर्बुदपेशींमध्ये प्रतिपिंडाचे एकच विशिष्ट जनुक वापरलेले आढळते. प्रस्तुत लेखात प्रतिपिंड-जनुकांची घडण, या जनुकीय ठशाचे स्वरूप आणि निदान व उपचार या दृष्टींनी त्याचे महत्त्व स्पष्ट केले आहे. एकाच जनुकीय आकृतिबंधाचा अर्थ रोगानुसार बदलतो, म्हणून रोगनिश्चितीशिवाय त्याचे वाचन दिशाभूल करणारे ठरू शकते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

कळीचे शब्द : प्रतिपिंड, जनुकीय पुनर्रचना, उत्परिवर्तन, प्लीहा, लिम्फोमा.

प्रस्तावना :

प्लीहा, म्हणजे आपल्याकडील बोलीभाषेतील पाणथरी, हा डाव्या बरगड्यांखाली दडलेला सुमारे १५० ग्रॅम वजनाचा अवयव. निरोगी प्रौढ माणसात तो सहसा हाताला लागत नाही. तो वाढून पोटात हाताला लागू लागला की त्यामागचे कारण शोधावे लागते. महाराष्ट्रात ही कारणे अनेक आहेत. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात हिवतापाचा विचार प्रथम होतो. नंदुरबार आणि विदर्भाच्या काही भागांत सिकलसेल आजाराचा विचार करावा लागतो. यकृताच्या जुनाट आजारामुळे, विषमज्वरामुळे, क्षयामुळेही प्लीहा वाढते. या नेहमीच्या कारणांच्या गर्दीत एक दुर्मीळ कारण सहज नजरेआड होते. ते म्हणजे प्लीहेच्या सीमांत क्षेत्रात उगम पावणारा लिम्फोमा.

हा आजार विरळ असल्याने सामान्य वाचकाने त्याची दखल का घ्यावी, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, विज्ञानातील एका मूलभूत शोधाचे रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचणे येथे स्पष्टपणे पाहावयास मिळते. त्याचबरोबर प्रयोगशाळेतील एखादा आकडा कधी निर्णायक असतो व कधी नसतो, याचाही वस्तुपाठ येथे मिळतो. जीवशास्त्राखेरीज अन्य विद्याशाखांतील प्राध्यापकांनाही हा मुद्दा उपयुक्त वाटावा, या हेतूने प्रस्तुत लेखाची मांडणी केली आहे.

प्रतिपिंडाचे जनुक कसे घडते :

प्रतिपिंड हे बी पेशींनी तयार केलेले प्रथिन होय. त्यात दोन जड व दोन हलक्या साखळ्या असतात. माणसाच्या शरीरात येऊ शकणाऱ्या असंख्य प्रतिजनांसाठी निरनिराळी प्रतिपिंडे लागतात. परंतु मानवी जनुकांची एकूण संख्या तर काही हजारांतच आहे. मग एवढी विविधता येते कोठून? या कोड्याची उकल जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी केली. १९७६ साली नोबुमिची होझुमी यांच्यासमवेत प्रसिद्ध केलेल्या संशोधनात त्यांनी दाखवून दिले की, बी पेशी घडताना प्रतिपिंडाच्या जनुकांचे तुकडे प्रत्यक्ष तोडले व नव्याने जोडले जातात. या कार्यासाठी त्यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जड साखळीची जनुके १४ व्या गुणसूत्रावर आहेत. तेथे व्ही, डी व जे असे तीन प्रकारचे तुकडे असतात. कार्यक्षम व्ही तुकडे सुमारे ४०, डी तुकडे सुमारे २३ आणि जे तुकडे ६ आहेत. प्रत्येक बी पेशी यांतून एकेक तुकडा निवडते. केवळ या निवडीतूनच ४० × २३ × ६ म्हणजे ५,५२० रचना संभवतात. हलक्या साखळीच्या कॅप्पा व लॅम्डा या दोन प्रकारांतून स्थूलमानाने आणखी ३२० रचना मिळतात. दोहोंचा गुणाकार केला असता सतरा लाखांहून अधिक प्रतिपिंडे होतात. तुकडे जोडताना सांध्यावर काही अक्षरे गळतात, काही नव्याने भरली जातात. त्यामुळे ही संख्या प्रत्यक्षात कितीतरी पटींनी वाढते. हा सांधा प्रतिजनाला चिकटणाऱ्या भागात मध्यभागी येतो, म्हणून त्याची लांबी व घडण यांना विशेष महत्त्व आहे.

विविधतेचा दुसरा टप्पा यानंतर येतो. प्रतिजनाशी गाठ पडल्यावर बी पेशी लसिकाग्रंथीतील जननकेंद्रात शिरते. तेथे तिच्या व्ही तुकड्यात मुद्दाम उत्परिवर्तने घडविली जातात आणि अधिक घट्ट चिकटणारे प्रतिपिंड निर्माण करणाऱ्या पेशी निवडल्या जातात. हे घडविणारे ‘एआयडी’ नावाचे विकर तासुकू होन्जो यांच्या गटाने १९९९ साली शोधून काढले. अशा रीतीने प्रत्येक बी पेशीच्या प्रतिपिंड-जनुकात दोन गोष्टी कायमच्या कोरल्या जातात. कोणते तुकडे निवडले गेले, ही पहिली. आणि जननकेंद्रातील अनुभव किती, ही दुसरी.

एकवंशी ठसा व निदान :

संसर्गामुळे प्लीहा वाढते तेव्हा तेथे निरनिराळ्या वंशांच्या लाखो बी पेशी एकत्र वाढलेल्या असतात. त्यांच्या प्रतिपिंड-जनुकांची तपासणी केल्यास नाना प्रकारच्या रचनांचे मिश्रण दिसते. लिम्फोमा मात्र एकाच बिघडलेल्या पेशीपासून वाढतो. साहजिकच त्यातील सर्व पेशींमध्ये तीच एक रचना, तोच सांधा आढळतो. यास एकवंशी ठसा असे म्हणता येईल.

या फरकाचा वापर हिवतापग्रस्त प्रदेशात कसा होऊ शकतो, याचे उद्बोधक उदाहरण आफ्रिकेतील घाना या देशात सापडते. हिवतापाच्या वारंवार होणाऱ्या संसर्गाला शरीर अतिरेकी प्रतिसाद देते, तेव्हा प्लीहा प्रचंड वाढते. हिवतापविरोधी औषध दीर्घकाळ दिल्यास अशी प्लीहा सहसा ओसरते. परंतु काही रुग्णांची ओसरत नाही. इमेल्डा बेट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दाखविले की, औषधाला नीट दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी काहींच्या पेशींमध्ये प्रतिपिंड-जनुकांची एकवंशी रचना होती. वरकरणी एकसारख्या दिसणाऱ्या वाढलेल्या प्लीहांपैकी कोणती संसर्गाची व कोणती अर्बुदाच्या वाटेवरची, हे ओळखण्याचे साधन अशा प्रकारे हाती आले. आपल्या राज्यातील हिवतापप्रवण भागांसाठी हा धडा आजही महत्त्वाचा आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एकवंशी रचना आढळणे म्हणजे कर्करोग सिद्ध होणे नव्हे. उतारवयात निरोगी व्यक्तींच्या रक्तातही एकवंशी बी पेशींचे लहान समूह आढळतात. म्हणून या चाचणीचा निष्कर्ष रुग्णाची लक्षणे, पेशींचे सूक्ष्मदर्शकाखालील रूप व त्यांच्या पृष्ठभागावरील प्रथिने यांच्याशी ताडून पाहावा लागतो.

रोगाचे स्वरूप व त्याचा विशिष्ट आकृतिबंध :

प्लीहेतील लसिकापुटिकांच्या कडेने बी पेशींचा जो पट्टा असतो, त्यास सीमांत क्षेत्र म्हणतात. रक्तातून येणाऱ्या जंतूंशी पहिला सामना येथील पेशी करतात. या क्षेत्राशी निगडित लिम्फोमाचे वर्णन श्मिड, आयझॅकसन आदी संशोधकांनी १९९२ साली केले. एकूण लिम्फोमांत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी आहे. रुग्ण बहुधा साठीच्या पुढचे असतात. प्लीहा वाढते, अस्थिमज्जेत व रक्तात अर्बुदपेशी आढळतात, पंडुरोग होतो किंवा बिंबिका कमी होतात. रोग बहुतेकांत मंदगती असतो. अनेक रुग्ण दहा वर्षे व त्याहून अधिक काळ जगतात. कित्येकांना सुरुवातीची काही वर्षे औषधही लागत नाही. तथापि काहींमध्ये तो वेगाने वाढतो वा आक्रमक लिम्फोमात रूपांतरित होतो. कोणता रुग्ण कोणत्या गटात मोडेल, हा वैद्यकाचा खरा प्रश्न आहे.

या रोगाच्या प्रतिपिंड-जनुकांचा विस्तृत अभ्यास २०१२ साली बिकोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ल्युकेमिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तीनशेहून अधिक रुग्णांच्या या अभ्यासात सुमारे २५ टक्के रुग्णांच्या अर्बुदपेशींनी जड साखळीसाठी ‘आयजीएचव्ही १-२*०४’ हे एकच जनुक वापरलेले आढळले. सर्व ४० व्ही तुकडे समान प्रमाणात वापरले गेले असते तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच टक्केच आले असते. निरोगी शरीरातही काही तुकडे अधिक वापरले जातात हे खरे. पण दहापट वाढ केवळ योगायोगाने होत नाही.

या नावातील शेवटचा अंक लक्षात घेण्याजोगा आहे. ‘०४’ ही त्या जनुकाची एक विशिष्ट आवृत्ती होय. अधिक परिचित अशा ‘०२’ आवृत्तीहून ती एका अक्षराने भिन्न असून त्यामुळे प्रथिनात एक अमिनो आम्ल बदलते. या आवृत्तीच्या पेशींमध्ये सांध्याचा भाग बहुधा लांब असतो आणि उत्परिवर्तने अल्प असतात. एवढ्या रुग्णांत एवढे साम्य असण्याचा अर्थ असा लावला जातो की, या पेशींना वाढीस लावणारे प्रतिजन समान असावे. अर्बुदाचा आरंभ हा जनुकांतील आकस्मिक बिघाड असला, तरी त्याआधी प्रतिजनाने त्या पेशींची निवड केलेली असावी, हा विचार त्यातून पुढे आला.

वैद्यकीय महत्त्व :

या आकृतिबंधाचा रुग्णाला काय उपयोग, याचे उत्तर तीन पातळ्यांवर देता येते.

पहिली पातळी रोग ओळखण्याची. ‘आयजीएचव्ही १-२*०४’ हा ठसा इतर लिम्फोमांत इतक्या ठळकपणे दिसत नाही. पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिने संदिग्ध चित्र देत असतील व प्लीहा काढून तपासणे शक्य नसेल, अशा वेळी हा ठसा निदानाला आधार देतो. मात्र तो नसल्याने रोग नाकारता येत नाही. कारण तीन-चतुर्थांश रुग्णांत तो नसतोच.

दुसरी पातळी रोगाच्या भवितव्याची. या ठशाच्या रुग्णांमध्ये ७ व्या गुणसूत्राच्या लांब भुजेचा तुकडा गळणे व ‘केएलएफ-२’ जनुकातील उत्परिवर्तन अधिक आढळते. बोनफिल्यो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली ‘ब्लड’ या नियतकालिकात ३०३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन प्रमुख जनुकीय गट आढळले. त्यांपैकी ‘नॉच-२’, ‘केएलएफ-२’ आदी जनुकांतील बिघाडांनी ओळखला जाणारा गट सुमारे ५८ टक्के रुग्णांचा होता. त्यात ‘१-२*०४’ चा वापर अधिक होता आणि त्या रुग्णांचे आयुर्मान तुलनेने कमी होते. म्हणजे प्रतिपिंडाचा ठसा हा स्वतंत्र भविष्यवेत्ता नसून तो एका मोठ्या जनुकीय कुटुंबाची खूण आहे. ‘टीपी-५३’ या जनुकातील उत्परिवर्तन आयुर्मानाविषयी अधिक थेट सूचना देते.

तिसरी पातळी उपचाराची. येथे ठशामागील प्रतिजनाची कल्पना प्रत्यक्ष कामी आली आहे. दक्षिण युरोपात या लिम्फोमाच्या काही रुग्णांत हिपॅटायटिस-सी विषाणूचा संसर्ग आढळतो. ऑलिव्हिए एर्मिन व त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी २००२ साली अशा ९ रुग्णांना कर्करोगाचे औषध न देता विषाणूविरोधी इंटरफेरॉन दिले. विषाणू नाहीसा झालेल्या ७ रुग्णांमध्ये लिम्फोमाही पूर्णपणे ओसरला. विषाणू नसलेल्या ६ रुग्णांना तेच औषध देऊन पाहिले असता काहीही लाभ झाला नाही. प्रतिजनाचा पुरवठा तुटला की त्यावर पोसलेले अर्बुद मागे हटते, याचा हा ठोस पुरावा होय. आज इंटरफेरॉनची जागा तोंडाने घ्यावयाच्या, अधिक प्रभावी गोळ्यांनी घेतली आहे. भारतात २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात हा उपचार मोफत उपलब्ध करून देण्यात आला. त्यामुळे अशा रुग्णाची हिपॅटायटिस-सी चाचणी करणे ही सर्वांत स्वस्त व कदाचित सर्वांत फलदायी तपासणी ठरते. ज्यांना विषाणू नाही व उपचाराची गरज आहे, त्यांच्यासाठी रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड-औषध मुख्य आधार आहे. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ साली त्याची भारतीय आवृत्ती बाजारात आणली. प्लीहा काढण्याची शस्त्रक्रिया पूर्वी सर्रास होई. आता ती निवडक रुग्णांपुरती उरली आहे.

अन्य रोगांशी तुलना :

प्रतिपिंड-जनुकांच्या चाचणीची खरी ख्याती क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रोगामुळे झाली. १९९९ साली टेरी हॅम्ब्लिन यांचा ब्रिटिश गट व डॅम्ले आदी अमेरिकी संशोधक यांनी एकाच वेळी दाखविले की, या रोगात उत्परिवर्तित जनुके असणारे रुग्ण अधिक जगतात. हॅम्ब्लिन यांच्या अभ्यासात मध्यक आयुर्मान उत्परिवर्तित गटात २९३ महिने, तर अनुत्परिवर्तित गटात ११७ महिने होते. मूळ जनुकाशी ९८ टक्के वा अधिक साम्य असल्यास ‘अनुत्परिवर्तित’ असे म्हणण्याची प्रथा त्यातूनच रूढ झाली.

प्लीहा वाढविणाऱ्या हेअरी सेल ल्युकेमिया या दुसऱ्या दुर्मीळ रोगात वेगळेच चित्र दिसते. २०११ साली त्याच्या तपासलेल्या सर्व ४७ रुग्णांत ‘बी-राफ’ जनुकातील एकच उत्परिवर्तन सापडले व रोगाचे मूळ कारण गवसल्याचे मानले गेले. परंतु अमेरिकेतील क्राइटमन यांच्या गटाने आधीच, २००९ साली, दाखविले होते की ‘आयजीएचव्ही ४-३४’ वापरणाऱ्या रुग्णांना क्लॅड्रिबिन या नेहमीच्या औषधाचा लाभ कमी होतो. २०१२ साली त्याच गटाला आढळले की, या रुग्णांत ‘बी-राफ’ उत्परिवर्तन नसते. त्यामुळे त्या उत्परिवर्तनावर मारा करणारे औषधही त्यांना उपयोगी पडत नाही. येथे प्रतिपिंडाचा ठसा औषधाची निवडच बदलतो.

तीन रोगांत तीच चाचणी, पण अर्थ तीन. ल्युकेमियाच्या पहिल्या प्रकारात उत्परिवर्तनाची टक्केवारी बोलते. हेअरी सेल रोगात जनुकाचे नाव बोलते. प्लीहेच्या लिम्फोमात नाव, टक्केवारी व सोबतचे अन्य बिघाड मिळून बोलतात.

९८ टक्क्यांची सीमारेषा :

व्ही तुकडा सुमारे २९६ अक्षरांचा असतो असे धरू. रुग्णाच्या जनुकात मूळ जनुकाहून ५ अक्षरे भिन्न असतील तर साम्य ९८.३१ टक्के येते व अहवालात ‘अनुत्परिवर्तित’ असे लिहिले जाते. ६ अक्षरे भिन्न असतील तर साम्य ९७.९७ टक्के होते व शेरा ‘उत्परिवर्तित’ असा येतो. निसर्गात अशी भिंत नाही. ती सोयीसाठी उभारलेली आहे. प्लीहेच्या लिम्फोमात तर अनेक रुग्ण नेमके या भिंतीच्या आसपासच असतात. या रोगात शंभर टक्के साम्य असणारा छोटा गट वेगळा काढणे अधिक अर्थपूर्ण ठरते, कारण त्या रुग्णांना उपचाराची गरज लवकर भासते, असे २०१५ साली पॅरी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसून आले.

हुपरीच्या चांदी-व्यवसायाशी परिचित असणाऱ्यांना हा मुद्दा सहज पटेल. टंच चांदीची शुद्धता सांगतो. दागिन्याची घडण, सांध्यांची मजबुती किंवा तो किती वर्षे टिकेल, हे टंचावरून कळत नाही. टंचाचा आकडा अचूक असूनही त्यावरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष अचूक असेलच असे नाही. ९८ टक्क्यांचा आकडाही याच न्यायाने वाचावयास हवा.

महाराष्ट्राच्या संदर्भात :

भारतातील लिम्फोमांच्या प्रकारांचे एक महत्त्वाचे चित्र मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातून पुढे आले. के. एन. नरेश व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली तेथील २,७७३ लिम्फोमांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात बी पेशींचे लिम्फोमा सुमारे ७९ टक्के होते. सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३४ टक्के, मोठ्या बी पेशींच्या विसरित लिम्फोमाचा होता. सर्व प्रकारचे सीमांत क्षेत्राचे लिम्फोमा मिळून सुमारे ८ टक्के भरले. प्लीहेचा प्रकार हा त्यातील एक भाग होय. पुटिकीय लिम्फोमाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळले. म्हणजे युरोपातील टक्केवारी जशीच्या तशी आपल्याकडे लागू करता येत नाही, हे याच राज्यातील अभ्यासाने दाखवून दिले.

हीच दृष्टी प्रतिपिंड-जनुकांनाही लागू पडते. ज्या व्यक्तीच्या जनुकसंचात ‘०४’ ही आवृत्तीच नाही, तिच्या अर्बुदात ती दिसणार नाही. निरनिराळ्या लोकसमूहांत या आवृत्त्यांचे प्रमाण भिन्न असू शकते. तसेच ज्या प्रतिजनांमुळे पेशींची निवड होते, ते संसर्गही प्रदेशानुसार बदलतात. म्हणून येथील रुग्णाचा अहवाल वाचताना येथील लोकसंख्येचा व येथील संसर्गांचा विचार अपरिहार्य आहे. महाविद्यालयीन पातळीवर जीवशास्त्र, संख्याशास्त्र व संगणकशास्त्र या विभागांना एकत्र काम करता येईल असे हे क्षेत्र आहे. फ्रान्समधील माँपेलिए येथे मारी-पॉल लफ्रां यांनी १९८९ साली सुरू केलेला ‘आयएमजीटी’ हा प्रतिपिंड-जनुकांचा कोश अभ्यासकांना खुला आहे. त्यातील एखादा व्ही तुकडा घेऊन साम्याची टक्केवारी काढणे हा पदवीच्या विद्यार्थ्यालाही जमेल असा स्वाध्याय आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. प्रतिपिंड-जनुकाचा ठसा अर्बुदपेशीचे कूळ सांगतो आणि वाढलेल्या प्लीहेचे कारण संसर्ग की लिम्फोमा, हे ठरविण्यास साहाय्य करतो. ‘आयजीएचव्ही १-२*०४’ हा आकृतिबंध या लिम्फोमाची ठळक खूण आहे. तथापि रुग्णाच्या भवितव्याविषयी तो अन्य जनुकीय बिघाडांच्या सोबतीनेच बोलतो. प्रतिजनाचा माग काढल्यास काही रुग्णांना कर्करोगाच्या औषधाविनाही बरे करता येते, हे या संशोधनाचे सर्वांत आश्वासक फलित म्हणावे लागेल.

अशा अहवालाचे कागद हाती घेऊन एखादा विद्यार्थी, सहकारी वा शेजारी आपल्याकडे विचारणा करतो, तेव्हा शिक्षकाने उपचार सुचविणे अपेक्षित नाही. परंतु ‘अनुत्परिवर्तित’ हा शब्द वाचून खचलेल्या कुटुंबाला, तो शब्द नेमक्या कोणत्या रोगाच्या संदर्भात आला आहे आणि हिपॅटायटिस-सीची चाचणी झाली आहे काय, हे दोन प्रश्न तज्ज्ञ डॉक्टरांना विचारण्यास सांगणे शिक्षकाच्या आवाक्यात निश्चितच आहे.